नाव कुणी खोडलं?

अण्णा चिडले की आधी चष्मा काढायचे. काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे, खिशाचं बटण लावायचे आणि मग बोलायला लागायचे. ज्याला पळायचं असेल त्याने तेवढ्यात पळावं. मी कधी पळाले नाही, याचा मला बरेच दिवस अभिमान होता. आता नाही.

बंगळुरातल्या जे. पी. नगरमधल्या आमच्या ऑफिसात ते सगळ्यांत वयस्कर प्रोग्रॅमर होते. आयटीत पन्नाशी उलटलेला माणूस एकतर मॅनेजर झालेला असतो, नाहीतर घरी बसलेला असतो. अण्णांनी दोन्ही टाळलं होतं. "माणसं हाकायला मला येत नाही. मी कोड वाचतो," एवढंच सांगायचे. सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणायचं. इथे तसं रिक्षावाल्यालाही अण्णाच म्हणतात. मी पहिल्या दिवशी 'सर' म्हणाले, तर चष्मा खिशात गेला.

"सर शाळेत. मी काय तुला पाढे शिकवतो काय?"

बसवनगुडीत त्यांचं घर. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असं कित्येक पिढ्या चाललेलं. "आमची माणसं कुठल्या तरी फौजेबरोबर इकडं आली आणि परत जायचं विसरून सोडली," असं ते सांगायचे. विसरली नाहीत, विसरून सोडली. त्यांच्या मराठीला आतून कन्नडचं अस्तर होतं. मी नागपूरची, माझ्या मराठीत निम्मी हिंदी. दोघंही एकमेकांच्या मराठीला हसायचो, आणि ऑफिसात तिसरं कुणी मराठी नसल्यामुळे भांडणंही मराठीतच करायचो.

त्यांचं काम होतं नव्या उमेदवारांची परीक्षा तपासायची. परीक्षा म्हणजे घरी करून आणायचं काम: शुक्रवारी द्यायचं, मंगळवारी घ्यायचं. विषय ठरलेला, हवामानाचं ॲप. लोकांना दिसतो तो पडदा, मागे चालणारा सर्व्हर, माहिती साठवायची जागा, सगळं एकट्याने उभं करायचं. गावाचं नाव टाकलं की आजचं तापमान दिसावं, पुढच्या पाच दिवसांचा अंदाज दिसावा, आवडती गावं जपून ठेवता यावीत. चार दिवसांत. आपली नोकरी, आपला शनिवार-रविवार, आपली झोप सांभाळून. याला आमच्याकडे 'चॅलेंज' म्हणतात. फुकट राबवून घेण्याला इतका मर्दानी शब्द दुसरा सापडायचा नाही.

अण्णा ते कोड पडद्यावर वाचत नसत. छापून घेत. ऑफिसने कागदावरून कुरकूर केली तेव्हा गांधी बाजारातून स्वतःचे रीम आणायला लागले. लाल पेन्सिल घेऊन मेट्रोत वाचायचे, जेवताना वाचायचे, समासात बारीक अक्षरात शेरे लिहायचे. चाळीस-चाळीस पानं. नापास होणाऱ्या पोरांचीसुद्धा.

"नापास करायचं आहे तर इतकं कशाला वाचता?" मी एकदा विचारलं.

"त्याने चार दिवस दिले ना? मग मी चार तास द्यायला नको?"

आणि पेन्सिलीला टोक करायला लागले. रागाने. पेन्सिलीला टोकसुद्धा ते रागानेच करायचे.

मीही त्याच परीक्षेतून आले होते. माझं ॲप देखणं होतं, हे मी आजही सांगेन. ढग सरकायचे, पाऊस असला की पडद्यावर थेंब ओघळायचे. मुलाखतीला मी लॅपटॉप उघडला, नागपूर टाकलं. चव्वेचाळीस अंश. अण्णांनी एक मिनिट बघितलं. मग खाली वाकले आणि भिंतीतली नेटची वायर उपटली.

"आता बघ."

मी पुन्हा नागपूर टाकलं. ढग सरकत होते. मधोमध मोठ्या अक्षरात आलं: शून्य अंश.

चष्मा खिशात गेला. बटण लागलं.

"मे महिन्यात नागपुरात शून्य अंश! तुझ्या आईला फोन कर. स्वेटर काढ म्हणावं."

"नेटच नाही तर मी काय करणार, सर?"

"नेट नाही हे तुझ्या ॲपला कळतंय की नाही? कळतंय. मग शून्य कुठून आणलं? माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचं. बंगळुरात येऊन किती दिवस झाले?"

"तीन महिने."

"कन्नड काय येतं?"

"गोत्तिल्ला," मी म्हणाले. 'मला माहीत नाही'. परगावच्या माणसाला इथे सर्वांत आधी येतो तो हाच एक शब्द.

"बघ. तुला येतं. तुझ्या ॲपलाही शिकव."

मी रडकुंडीला आले होते, पण त्याहून जास्त चिडले होते. म्हटलं, दोन तास द्या, करून दाखवते. ते म्हणाले, दोन तास कशाला, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. एक अक्षर सांगितलं नाही. मी चुकले की फक्त नाकातून मोठा श्वास सोडायचे. ते झाल्यावर मला खालच्या दर्शिनीत, त्या उभ्याने खायच्या हॉटेलात, नेलं आणि कॉफी 'बाय-टू' सांगितली, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. ज्याला सगळ्यांत जास्त बोलले असतील त्याच्याबरोबर ते बाय-टू प्यायचे. ऑफिसात माझ्याइतकी बाय-टू कुणी प्यायली नसेल.

शून्यावर त्यांचा इतका राग का, ते अशाच एका कॉफीला कळलं. मी विचारलं नव्हतं. पेला अर्धा झाल्यावर आपणहून बोलायला लागले.

तरुणपणी त्यांनी एका दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. लसी ठेवायच्या फ्रीजचं तापमान पडद्यावर दाखवणारा. एकदा फ्रीजच्या आतली तार तुटली. नवी माहिती येईना, आणि पडदा शेवटचा आकडा दाखवत राहिला. चार अंश. सगळं ठीक. फ्रीज कधीच बंद पडला होता. तो कुणीतरी उघडून हात घालेपर्यंत काही दिवस गेले, आणि त्या दिवसांत तिथून लसी निघत होत्या, बाळांना टोचल्या जात होत्या.

"मग काय झालं त्या बाळांचं?"

"गोत्तिल्ला," अण्णा म्हणाले. "कुणाकुणाला टोचल्या, त्याची यादी मागितली मी. नाही दिली. म्हणाले, तुझं काम संपलं, जा. अजून माहीत नाही."

पेला ठेवला आणि उठले. हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

त्यानंतर त्यांच्या ओरडण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आमच्या मॅनेजरला मात्र ते करमणुकीचं वाटायचं. मॅनेजर माझ्याच वयाचा, गोड बोलणारा, प्रत्येकाचा वाढदिवस लक्षात ठेवणारा. तो कधीच चिडायचा नाही. न चिडणाऱ्या माणसांची मला आता भीती वाटते.

गेल्या वर्षी लॉनवर लग्नं लावणाऱ्या एका इव्हेंट कंपनीचं काम आमच्याकडे आलं. त्यांना हवामानाचं ॲप हवं होतं: कुठल्या लॉनवर कधी पाऊस येईल, मांडव झाकायचा की नाही. मुदत अगदी थोडी. त्याच सुमारास मॅनेजरने सांगितलं की दोन जागा भरायच्या आहेत, आणि परीक्षा घ्यायला लागला. या वेळी परीक्षेत थोडा फरक होता. एकाला पावसाचा इशारा करायला सांगितला, दुसऱ्याला नकाशा, तिसऱ्याला पाच दिवसांचा अंदाज. अण्णांना वाटलं, बरं झालं, तेच तेच वाचून कंटाळा आला होता. महिनाभर ते मान खाली घालून वाचत होते.

त्यात भाग्या नावाच्या मुलीचं काम होतं. चित्रदुर्गाकडच्या एका खेड्यातली, मल्लेश्वरमला खोली घेऊन राहणारी. अण्णा तिची पानं घेऊन माझ्या टेबलाशी आले, तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता.

"हे बघ. हवामान खात्याकडून उत्तर आलं नाही तर ही पोरगी काय म्हणते. 'ही नोंद सकाळी साडेनऊची आहे. त्यानंतरचं माहीत नाही.' वेळ सांगते, आणि वर माहीत नाही असंही सांगते! कुणी शिकवलं नसताना. हिला घ्यायचं."

समासात त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं होतं: 'सरी.' कन्नडमध्ये 'बरोबर'.

भाग्याला घेतलं नाही. कुणालाच घेतलं नाही. 'जागा तूर्त थांबवल्या आहेत' असं पत्र सगळ्यांना गेलं. आणि एका सोमवारी मॅनेजरने मला एक फोल्डर दिलं. त्यात भाग्याचं कोड होतं, आणि सोबत अण्णांच्या शेऱ्यांची स्कॅन केलेली पानं.

"जस्ट रेफरन्स के लिए," तो म्हणाला. "अण्णाने सब पॉइंट आउट किया है. वही ठीक कर दे, बस."

इथे मला स्वतःबद्दल चार चांगले शब्द लिहिता आले असते तर बरं झालं असतं. मला कळलं नाही असं नाही. फोल्डर उघडल्या क्षणी कळलं. त्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या सहा जणांना घरी पाठवलं होतं, आणि रिकाम्या खुर्च्या अजून तिथेच होत्या. मी त्या खुर्च्यांकडे बघितलं आणि कामाला लागले. अण्णांनी जिथे जिथे लाल खूण केली होती तिथे दुरुस्त केलं. प्रत्येक फाइलच्या वर भाग्याने आपलं नाव लिहिलं होतं. ते मी खोडलं. एकेका फाइलमधून, अकरा वेळा. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

ग्राहकाला दाखवण्याच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. दुपारची वेळ, मीटिंगची खोली, टीमचे आठ-नऊ जण. मॅनेजरने अण्णांना हौसेने बोलावलं. म्हणाला, अण्णा, वायर उपटून बघा, आता काही होणार नाही.

अण्णांनी ॲप उघडलं. कुठलं गाव हवं ते अजून सांगितलं नव्हतं. अशा वेळी काहीतरी दिसावं म्हणून प्रोग्रॅमर एखादं गाव घालून ठेवतो. पडद्यावर चित्रदुर्गाकडच्या त्या खेड्याचं नाव आलं. भाग्याचं गाव. तिने चाचणीसाठी घातलेलं. मी नावं खोडली होती, गाव माझ्या नजरेतून सुटलं होतं.

अण्णांनी पडद्याजवळ वाकून ते नाव वाचलं. मग वायर उपटली. पडद्यावर आलं: 'ही नोंद दुपारी अडीचची आहे. त्यानंतरचं माहीत नाही.'

ते उठून बाहेर गेले. मॅनेजर हसून म्हणाला, पास झालो वाटतं. अण्णा परत आले ते भाग्याची पानं घेऊन. टेबलावर ठेवली. चष्मा काढला, खिशात ठेवला. बटण लावलं नाही.

"यह किसने लिखा?"

"टीम ने, अण्णा."

"टीमचं गाव चित्रदुर्गाकडे आहे काय?" हे मराठीत निघालं. मग पुन्हा हिंदीत, "उस लडकी को क्यों नहीं लिया?"

"पोझिशन होल्ड पे है."

"कब से?"

अण्णांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी तो न चिडणारा माणूस थोडा कंटाळून म्हणाला, "पोझिशन थी ही नहीं, अण्णा. और सब लीगल है. फॉर्म में लिखा है, सबमिशन कंपनी का होता है. वो लोग साइन करते हैं."

जागा नव्हत्याच. ज्या कामासाठी माणसं नेमायला हवी होती ते काम परीक्षेच्या नावाखाली वाटून दिलं होतं. आणि त्यातलं चांगलं कुठलं, वाईट कुठलं, ते निवडायला या माणसाला बसवलं होतं. महिनाभर, स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या पेन्सिलीने.

"म्हणजे मी चोरांसाठी माल पारखत होतो," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. मला तो चढायला हवा होता. त्यांनी ओरडावं, पेला फेकावा, काहीतरी फुटावं, असं वाटत होतं. त्यांनी एक पान उचललं. वरच्या कोपऱ्यात भाग्याचं नाव होतं. ते माझ्याकडे वळले आणि मराठीत, फक्त मला कळेल असं, विचारलं:

"नाव कुणी खोडलं?"

मी म्हणाले, "माहीत नाही, अण्णा."

त्यांनी मला हा शब्द खरं बोलण्यासाठी शिकवला होता. मी तो खोटं बोलायला वापरला, आणि तेही त्यांच्याच तोंडावर. त्यांना लगेच कळलं. पानं गोळा केली, ठोकून सारखी केली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं टेबल रिकामं होतं. तालमीच्या दिवशी आम्ही बाय-टू प्यायलो नाही.

ॲप विकलं गेलं. मॅनेजरने केक कापला. मी खाल्ला.

सात महिने मी तिथे राहिले. रोज सकाळी ठरवायचे, आज भाग्याला फोन करायचा. तिचा नंबर अर्जावर होताच. मॅनेजरवरचा राग मी रात्रंदिवस पोसला. त्याचं गोड बोलणं, त्याचे वाढदिवसाचे केक, त्याचा तो फॉर्म. दुसऱ्यावर चिडून राहिलं की आपण काय केलं ते बघावं लागत नाही. मग एका रविवारी मोबाइलवर एका मैत्रिणीने लग्नाचं आमंत्रण पाठवलं, त्याखाली त्या ॲपची लिंक होती: 'लॉनवरचं हवामान इथे बघा.' मी ते उघडलं. आणि मग फोन केला.

मी नाव सांगताच पलीकडून हिंदीत उत्तर आलं, "हां. आपका नाम मालूम है."

अण्णा राजीनामा दिल्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीवर गेले होते. बरोबर बायकोला नेलं होतं, एकट्या मुलीच्या घरी एकटं कसं जायचं म्हणून. सगळं सांगितलं. भाग्या त्यांच्यावर ओरडली. घरमालक वर आला, इतकी ओरडली. ते ऐकून घेत उभे राहिले, बस म्हटलं तरी बसले नाहीत. तिने विचारलं, माझं नाव कुणी काढलं? त्यांनी माझं नाव सांगितलं.

"बोले, वो फोन करेगी," भाग्या म्हणाली. "सात महिना हुआ."

मी माफी मागायला लागले. तिने मला मध्येच थांबवलं.

"सॉरी नहीं चाहिए. लिखके दीजिए. किसका कोड है, आपने क्या किया, सब. अपने नाम से."

मी लिहून दिलं. कुठल्या फाइली, कुठल्या दिवशी, कुणाच्या सांगण्यावरून, आणि काय कुणीही न सांगता. भाग्याला पाठवलं, मॅनेजरला पाठवलं, त्या इव्हेंट कंपनीलाही पाठवलं. दुपारपर्यंत कंपनीने माझा लॅपटॉप बंद केला, नोकरी गेली. संध्याकाळी मी बसवनगुडीला गेले.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. "आत ये की," म्हणाल्या. पण मागून अण्णा आले आणि दारातच उभे राहिले. मी भाग्याला दिलेल्या पत्राची छापील प्रत पुढे केली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पेन्सिल हातात नव्हती.

"सात महिने?"

"हो."

"लाज वाटली काय?"

"हो."

"वाटू दे." ते आत गेले. मला वाटलं, आता दार लागणार. पण ते एक कागद घेऊन आले. त्यावर तीन नावं होती. त्या ॲपमध्ये भाग्यासारखंच आणखी तिघांचं काम वापरलं होतं. ते त्यांनी नंतर आपल्या कागदांवरून ताडून काढलं होतं.

"यांचे फोन लागत नाहीत. पत्ते बदललेत. माझ्याने होत नाही आता. तू शोध." आणि मी कागद घडी करत असताना म्हणाले, "मला माफीबिफी मागू नको. मी दिलेली नाही."

दार लागलं. त्यांच्या बायकोचा आवाज आला, त्या कन्नडमध्ये त्यांना काहीतरी रागावून बोलत होत्या.

दोघं सापडले. एक पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. तो हसला आणि म्हणाला, जाऊ द्या हो, सगळीकडे असंच चालतं. दुसरीने शिव्या दिल्या आणि लिहून मागितलं. मी दिलं. तिसऱ्याला शोधायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्याने पावसाचा इशारा लिहिला होता. त्याच्या एका जुन्या सहाध्याय्याकडून काल नंबर मिळाला. तो आता हुबळीला मामाच्या टायल्सच्या दुकानात असतो. फोन केला तेव्हा मागे कुणीतरी फरश्या मोजत असल्याचा आवाज येत होता.

मी सगळं सांगितलं. त्याला आधी कुठली परीक्षा तेच आठवेना. मग आठवलं. मी म्हणाले, तुझं कोड इतकं चांगलं होतं की त्यांनी जसंच्या तसं वापरलं, आम्ही त्यात फारसं काही बदललंच नाही.

त्याने फरश्या मोजणाऱ्याला थांबायला सांगितलं.

"वो मेरा पाँचवाँ रिजेक्शन था," तो म्हणाला. "मुझे लगा, मुझे आता ही नहीं है. इसलिए छोड़ दिया."

मी फोन ठेवला, पायात चपला घातल्या आणि बसवनगुडीची बस पकडली. अण्णांना हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.